माईंची खिडकी, माझ्या लिली

रेवा, ईशान,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. आजोबांच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून सांगून टाकावं असं एकदा मनात आलं होतं — पण निघालेल्या माणसाच्या हातात असलं ओझं द्यावं का, असं मी स्वतःलाच विचारलं आणि गप्प बसले. विचारलं कसलं? भ्याले.

आता का सांगते, तर दोन कारणं. पहिलं तू, रेवा. गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, आजी, मला खोलीत लिली ठेवायची आहे, तिला उजेड किती लागतो, खिडकीत ठेवू की बाल्कनीत? मी म्हटलं, सविस्तर लिहून पाठवते. कागद घेतला, वर 'लिली : घरातला उजेड, बाहेरचा उजेड' असं लिहिलं, खाली पट्टीनं रेघ मारली — आणि पुढे हात चालेना. दुसरं कारण, येत्या मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. हल्ली ते वीस मिनिटांचं काम असतं. ऑपरेशनची भीती नाही मला. भीती दुसरीच आहे, ती पुढे कळेल.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही. पण ते मुद्दामच टाळलं आहे. आणि हे बाबांकडून वाचून घेऊ नका. अक्षर लावत लावत, वेळ लागला तरी, स्वतः वाचा.

आधी लिलीचं सांगते. ते सोपं आहे.

आपल्याकडे जिला लिली म्हणतात ती पुस्तकाप्रमाणे लिली नव्हेच, पण पनवेलमध्ये सगळे तिला लिलीच म्हणतात, मीही म्हणते. मोठ्या कांद्याएवढा कंद, पट्ट्यासारखी लांब पानं, मधून हिरवा पोकळ दांडा आणि त्यावर चार पांढरी फुलं, घशाशी हिरवट. फुलं गळली की कुंडी बाहेर ठेवायची, पण सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी. पावसाळा सरला की पाणी कमी करत न्यायचं. पानं सुकली की कंद अंधारात विश्रांतीला, आठ-दहा आठवडे. मग डिसेंबरात काढून पूर्वेच्या खिडकीत. खिडकीपासून हातभरापेक्षा लांब ठेवलीस तर दांडा उजेड शोधत वाढत जातो आणि लुळा पडतो. रोज सकाळी कुंडी पाव फेरा फिरवायची, नाहीतर दांडा एकाच बाजूला झुकतो. आणि अंधारातून एकदम उन्हात आणायचं नाही. आधी तासभर, मग दोन तास. घाई केली की पानं करपतात.

हे सगळं मला तेव्हा येत होतं. उजेड कुणाला, किती, कधी द्यायचा हे मला नीट कळत होतं. म्हणूनच, जे केलं ते न कळत केलं असं मला म्हणता येत नाही.

न्हावा शेवाचं बंदर नुकतं सुरू झालं होतं. आजोबांची नोकरी तिकडे गेली आणि आम्ही दादरच्या दोन खोल्या सोडून पनवेलला आलो — याच तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये, जिथे बसून मी हे लिहिते आहे. पूर्वेला दहा फुटांची मोकळी पट्टी, तिला आम्ही कौतुकानं अंगण म्हणायचो. अंगणाकडची खोली माईंची. माई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या बाबांची आजी. मागची खोली पश्चिमेची. तिच्या छोट्या खिडकीपुढे लगेच कंपाउंडची भिंत. तिथे धान्याचे डबे, ट्रंका आणि पावसाळ्यानंतर माझे कंद. आजोबा सकाळी साडेसहाच्या कंपनीच्या बसनं जायचे ते सात वाजता परत. तुमचे बाबा पुण्याला हॉस्टेलवर. मी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. दुपारची शाळा, बारा ते साडेपाच.

घरातले सगळे कागद माझ्याकडे असत. खाकी फाइली, पाठीवर माझ्या अक्षरात नावं — वीज, सोसायटी, औषधपाणी. आजोबा म्हणायचे, कागद हे तुझं राज्य, मी त्यात पाऊल टाकत नाही. किती विश्वासानं म्हणायचे.

आमच्या जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त होऊन गोव्याला निघाल्या तेव्हा त्यांनी मला लिलीचे चार कंद दिले. फेब्रुवारीच्या शेवटी इथल्या महिला मंडळाचं फुलांचं प्रदर्शन भरायचं. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं कुंडी नेली. एकच फूल, तेही मान टाकलेलं. पण लेबल मात्र टाइप केलेलं, नाव, जात, उजेडाचे तास, सगळं. मंडळाच्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, शालिनीताईंच्या फुलापेक्षा लेबल टवटवीत आहे. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

एवढ्याशा गोष्टीवरून? हो. एवढ्याशाच.

पुढच्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी राहायला लागली. दिवाळीपर्यंत तिसरा स्लॅब पडला आणि अंगणातलं सकाळचं ऊन गेलं ते गेलंच. नवी इमारत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक फट राहिली होती. तिच्यातून सव्वासात ते दहा असं ऊन यायचं, ते थेट माईंच्या खिडकीत. मी शाळेतला खडू आणून माईंच्या खोलीत फरशीवर खुणा केल्या — ऊन कुठवर येतं, कुठून सरकतं. माई खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "ही कसली लक्ष्मणरेषा गं? मी हिच्या आत राहायचं की बाहेर?"

मी खुणा वहीत उतरवून घेतल्या.

माईंची खाट त्याच खिडकीशी होती. त्या तिथे बसून दाणे निवडायच्या, फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायच्या, आणि माझ्यावर लक्ष ठेवायच्या. निदान मला तसं वाटायचं. आज उशीर झाला वाटतं. ही साडी शाळेत? कुंडीला पाणी घातलंस, तुळशीला विसरलीस. वाईट नव्हत्या हो त्या. बोलायची सवय होती. पण त्या खिडकीतून घरभर त्यांची नजर असायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला माईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा अजून पिकायचा होता. तेव्हा आतासारखं नव्हतं — डोळ्यात टाके, वर हिरवी पट्टी, आणि दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा. तो मिळेपर्यंत त्या डोळ्यानं नुसता उजेड आणि रंग कळायचे.

घरी सोडायच्या दिवशी मी एकटीच आणायला गेले होते. आजोबांना रजा नव्हती. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, कारण सुरुवात मी इंग्रजीत केली. ते म्हणाले, आठवडाभर पट्टी. मग घरात नेहमीसारखं उजेडात बसू द्या, हिंडू-फिरू द्या. फक्त उन्हात जाताना काळा चष्मा, आणि वाकायचं नाही. दीड महिन्यानं चष्म्यासाठी आणा. हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. माई आम्हा दोघांच्या मध्ये स्टुलावर बसल्या होत्या, आवाज येईल तिकडे मान वळवत.

रिक्षात बसलो. हमरस्त्यावर कंटेनरच्या लॉऱ्यांची रांग लागली होती, रिक्षा अडकून उभी. माईंनी विचारलं, "काय म्हणाले गं डॉक्टर?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"शालिनी, काय म्हणाले?"

त्या दिवशी सकाळीच मी कंद काढून कुंड्यांत लावले होते. चारही कुंड्या मागच्या खोलीत ओळीनं ठेवलेल्या होत्या. त्यांना जागा नव्हती. दुसरं माझ्या डोक्यात काय होतं? मला खरंच आठवत नाही — की आठवायचं नाही? मी म्हटलं, उजेड अजिबात नको म्हणाले. अंधाऱ्या खोलीत ठेवा म्हणाले, ते सांगतील तोवर. अंधारातून एकदम उजेडात आणलं तर डोळा जातो.

शेवटचं वाक्य तर कुंडीचंच होतं. माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं, फक्त पानांबद्दल.

माई म्हणाल्या, "डोळा वाचू दे बाई. ठेव कुठं ठेवायचं तिथं."

दुपारी इमारतीतल्या दोघांना बोलावून मी खाट मागच्या खोलीत हलवली. वह्यांना घालायचा खाकी कागद त्या छोट्या खिडकीच्या काचांना चिकटवला. चार कुंड्या पुढच्या खोलीत नेल्या, खडूच्या रेघेवर मांडल्या. संध्याकाळी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग प्रश्नच नाही. ते घरी यायचे तेव्हा तसाही सगळीकडे अंधारच असायचा. रविवारी आईजवळ बसायचे ते दार किलकिलं ठेवून, नियम पाळून.

आणि त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली.

डॉक्टरांचा कागद औषधपाण्याच्या फाइलमध्ये होता. आजोबांना इंग्रजी येत होतं. कधीही सहज ते ती फाइल उघडू शकत होते. मी कागद फाडून का टाकला नाही? मला कागद फाडता येत नाहीत — एवढीच माझी नीतिमत्ता. तो मी विजेच्या फाइलमध्ये बिलांच्या मध्ये सरकवला. मग कपाटाचं दार कुरकुरलं की मी लगेच मान वळवून बघायचे. एकदा ते बिल शोधायला उठले तर मी हातातली पोळी तव्यावर टाकून धावले. म्हणाले, अगं, मला दिसतं की. मी म्हटलं, तुम्ही क्रम बिघडवता. हसले ते.

आठवडा झाला, पट्टी सुटली. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण दांड्यांची टोकं कंदातून नुकती वर आली होती, बोटाच्या पेरभर. मी रोज म्हणायचे, उद्या.

आपल्याकडे भांडी-धुण्याला रोडपालीहून हिराबाई यायच्या. त्या रोज केर काढताना माईंशी दहा मिनिटं गप्पा मारायच्या. एका सकाळी पुढच्या खोलीतल्या कुंड्यांकडे बघत त्या मला म्हणाल्या, "बाई, कांदे भायेर आले नि आजी आत गेली. कांद्यांचा टाइम सरला. आजीचा कदी सरायचा हाय?"

मी म्हटलं, डॉक्टरांचं सांगणं आहे.

"डाक्टरला काय, त्याला थोडंच ऱ्हायचं हाय तितं," म्हणून त्या फडका पिळायला लागल्या.

 ही आजोबांना बोलली तर? दुसऱ्या दिवसापासून मी सांगितलं, मागच्या खोलीचा केर मी काढीन, धूळ उडते. म्हणजे माईंची तेवढी दहा मिनिटंही गेली. बारा ते साडेपाच त्या त्या खोलीत एकट्या असायच्या. ताट झाकून ठेवलेलं, तांब्या उजव्या हाताला, न्हाणीघरापर्यंत धरायला दोरी बांधलेली. व्यवस्था चोख. मी व्यवस्थित बाई.

शाळेतून येऊन कुलूप काढलं की आतून आवाज यायचा — कोण? शालिनी ना? आधी एकदाच विचारायच्या. मग दोनदा. मग मी उत्तर दिल्यावरही विचारायला लागल्या. किती वाजले, हे सारखं. दिवस आहे की रात्र, हेही. खाटेची कड घट्ट धरून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "खरं सांग. ऑपरेशन बिघडलं ना? मी आंधळी झाले आणि तुम्ही दोघं लपवताय."

तसं काही नाही, धीर धरा, असं मी म्हटलं. धीर धरा. दार चार पावलांवर होतं. त्यापलीकडे ऊन होतं. मी ते दार ओढून घेतलं आणि कुंड्या पाव फेरा फिरवायला गेले.

आता दुर्गामावशींचं.

हे लिहायचं टाळत होते. माईंची धाकटी बहीण, उरणकडच्या गावात दिलेली. संक्रांतीनंतरच्या रविवारी एसटीनं आल्या, तिळगुळाचा डबा घेऊन. फार वाळल्या होत्या. पायरी चढताना दोनदा थांबल्या. अंधाऱ्या खोलीत बहिणीच्या खाटेवर टेकल्या, तिळगूळ तिच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "घे, गोड बोल. आयुष्यभर जमलं नाही, आता तरी बघ." दोघी हसल्या. मग माईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला — कपाळ, गाल, हनुवटी. किती वाळलीस गं दुर्गे, म्हणाल्या, की माझ्या हातांनाही आता नीट कळेनासं झालं?

दुर्गामावशी बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "सूनबाई, दोन मिनिटं तिला पुढं आणा ना. तिचं तोंड बघू दे मला. तिलाही माझं बघू दे."

आजोबा तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यानं, चांगल्या उजेडात, जवळून माईंना तेव्हा माणसाचा चेहरा दिसत होता. हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. इतके दिवस केलेलं फुकट जाईल.

मी नाही म्हटल्यावर आजोबा काय बोलणार? मावशी म्हणाल्या, बरं बाई, डोळा महत्त्वाचा. पुढच्या वेळी बघू.

तीन आठवड्यांनी निरोप आला, दुर्गामावशी गेल्या. आजोबा उरणला गेले. माईंना नेता येणार नव्हतं, कारण उजेड नको. मी शाळेत रजा टाकून घरी राहिले. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्या दिवशी दुर्गीनं साडी कुठली नेसली होती गं?"

मला आठवेना. त्या रविवारी माझं लक्ष मावशींकडे नव्हतंच, पुढच्या खोलीचं दार नीट लोटलेलं आहे ना, कळ्या कुणाला दिसत नाहीत ना, इकडे होतं. मी म्हटलं, जांभळी. बारीक काठाची. माई म्हणाल्या, जांभळी होय? तिला शोभते.

तेही खोटं.

तरीही मी खोली उघडली नाही. दीड महिना केव्हाच उलटून गेला होता. पण आता उघडलं तर विचारतील ना — मग तेव्हा का नाही? भीती अशी असते, बाळांनो. आधी खोट्यानं भीती येते, मग भीतीनं खोटं वाढतं. आणि कळ्या फुगल्या होत्या. प्रदर्शनाला दहा दिवस होते.

लिली वेळेवर फुलली. दोन फुलं उघडलेली, दोन उघडायच्या बेतात. दांडा सरळ, छडीसारखा. कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं गेले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा वाडगा. त्याच बाई म्हणाल्या, या वेळी फूलही चांगलं आहे हं. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. घरी येताना वाडगा पिशवीत होता आणि मी रिक्षात बसून हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी काचांवरचा खाकी कागद ओला करून खरवडला. माईंना म्हटलं, डॉक्टरांनी आता बोलावलंय.

याही वेळी आम्ही दोघीच. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, इतका उशीर का? आणि मी — मी इंग्रजीतच म्हटलं, त्या फार घाबरट आहेत, अंधारातून बाहेर यायलाच तयार नव्हत्या, कुणाचं ऐकत नाहीत. त्यांच्या शेजारी उभी राहून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, त्यांना न कळणाऱ्या भाषेत मी सगळं त्यांच्यावर ढकललं.

माईंच्या नाकावर तपासणीची लोखंडी चौकट होती. डॉक्टर तिच्यात एकेक भिंग घालून बघत होते. शेवटचं भिंग बसवलं आणि ते माईंकडे वाकून, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं, मराठीत म्हणाले, "आजी, पट्टी सुटल्यावर उजेडात बसायचं होतं तुम्ही. सूनबाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं. अंधारात कशाला बसून राहिलात तीन महिने?"

माईंनी मान वळवली. त्या जाड भिंगामागे त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. तीन महिन्यांनी त्यांना स्पष्ट दिसलेला पहिला चेहरा माझा होता. मला वाटलं, आता. आता बोलतील. 

त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "चुकलं हो माझं. म्हातारं माणूस. भ्याले."

परत येताना रिक्षा त्याच रस्त्यानं आली. त्याच लॉऱ्या, तीच धूळ. डॉक्टर काय म्हणाले, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर माई चार वर्षं जगल्या. खाट पुन्हा खिडकीशी आली. मी कुंड्या उचलून बाहेर न्यायला लागले तेव्हा म्हणाल्या, "एक राहू दे इथं. उजेड दोघींना पुरतो." त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी त्या ती कुंडी फिरवायच्या. पाव फेरा, बरोबर. कुणी शिकवलं त्यांना? भिंतीआडून मला रोज फिरवताना ऐकलं असणार. कुंडीचा तळ फरशीवर घासतो ना, तो आवाज. तो आवाज सकाळी ऐकला की माझ्या हातातलं काम थांबायचं. चार वर्षं. आजोबा संध्याकाळी त्यांच्या खाटेवर बसून बोलायला लागले की मी स्वयंपाकघरात नळ बंद करून कान देऊन उभी राहायचे — आज सांगतील. दुर्गामावशींच्या श्राद्धाच्या दिवशी तर मी त्या दोघांना एकटं सोडायचेच नाही. त्यांनी कधीही सांगितलं नाही. मलाही एक शब्द बोलल्या नाहीत. ही साडी शाळेत का, तुळशीला पाणी घातलंस का, हेही विचारणं त्यांनी थांबवलं.

मला क्षमा केली असं म्हणून मी सुटू शकते का? नाही. गप्प राहणं म्हणजे क्षमा नव्हे, इतकं वर्गात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला कळतं.

आणि अजून एक. इथवर मी लिलीसाठी केलं, असं लिहीत आले. तेही पुरतं खरं नाही. माझी ती वही मी काल काढून पाहिली. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातलं पान आहे, फरशीचा नकाशा, मापांसकट. खडूच्या रेघेत चार कुंड्या आणि माईंना बसायला एक खुर्ची — दोन्ही बसत होतं. मी स्वतःच्या हातानं खुर्ची काढून दाखवली आहे आणि मग ती खोडली आहे. उजेड दोघींना पुरत होता, हे मला त्यांच्याआधी माहीत होतं. मला खिडकी हवी होती ती फुलांसाठी नाही. त्या खिडकीत कुणी बसलेलं नको होतं.

मंगळवारी शेजारची सून मला डॉक्टरांकडे नेणार आहे. चांगली मुलगी आहे. मला आता कानानं निम्मंच ऐकू येतं, आणि डोळ्याला पट्टी असेल. येताना गाडीत मी तिला विचारीन, काय म्हणाले गं डॉक्टर? ती सांगेल ते मला खरं धरावं लागेल. ही ती भीती. ती मला वाटलीच पाहिजे.

मला तुमच्याकडून काही नको. उत्तरही नको.

चार कंदांचे आता एकोणीस झाले आहेत. ते बाहेर ग्रिलमध्ये असतात, दहापर्यंत ऊन आणि मग सावली. एक कुंडी आत, त्याच खिडकीत. स्टीलचा वाडगा आहे. लहानपणी तुम्ही त्यातून श्रीखंड खाल्लं आहे. माईंचा चष्मा त्याच्या घरात आहे, उजवं भिंग जाड, डावं साधं. डॉक्टरांचा कागद अजून विजेच्या फाइलमध्ये आहे. शाई फिकी झाली आहे, पण 'पट्टी काढल्यावर घरात उजेडात बसू द्यावे' अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ वाचता येते.